आटलेली नदी आणि रक्तातील साखर

१/
सन १९६३. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटी भागात, फिनिक्स शहराच्या दक्षिणेला असलेल्या एका आदिवासी राखीव प्रदेशात सरकारी संशोधकांचे पथक दाखल झाले. त्यांना संधिवाताची पाहणी करावयाची होती. सांधे तपासता तपासता रक्ताच्या नमुन्यांत त्यांना वेगळेच काही आढळले. येथे मधुमेह इतका पसरला होता की, तेवढे प्रमाण तोवर जगात कोठेही नोंदले गेले नव्हते.

२/
या लोकांना जग ‘पीमा’ म्हणून ओळखते. ते स्वतःला ‘आकिमेल ओओधाम’, म्हणजे ‘नदीची माणसे’ म्हणवतात. हृदयाचे आणि चयापचयाचे आजार रक्तातून येतात की राहणीतून, हा विसाव्या शतकातील मोठा वाद पुढे याच लोकांच्या शरीरावर लढला गेला. आजच्या थ्रेडमध्ये त्या वादाचा इतिहास पाहू. मात्र त्याची सुरुवात प्रयोगशाळेत करून चालणार नाही. ती नदीच्या पात्रात करावी लागते.

३/
नदीचे नाव हीला. ही कोलोरॅडो नदीची उपनदी. तिच्या खोऱ्यात होहोकाम लोकांनी हजार वर्षांपूर्वी मैलोगणती कालवे खोदून वाळवंट पिकते केले होते. पीमा स्वतःला त्यांचेच वंशज मानतात. मका, भोपळा, कापूस आणि टेपरी नावाचा, कमी पाण्यावर तग धरणारा घेवडा ही त्यांची पिके. जोडीला नदीतील मासे, निवडुंगाची फळे आणि मेस्किटच्या शेंगांचे पीठ. मेस्किट म्हणजे आपल्या माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीचे भाऊबंद.

४/
या आहाराची दोन वैशिष्ट्ये होती. एक म्हणजे टेपरी आणि मेस्किट यांतील पिष्ट व तंतू सावकाश पचतात, त्यामुळे रक्तातील साखर हळूहळू चढते. दुसरे म्हणजे हे अन्न ताटात येण्यापूर्वी कालवा खोदणे, नांगरणे, खुडणे, कांडणे, दळणे एवढे कष्ट शरीराला पडत. स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या काळात गहूही या भागात आला आणि पीमांनी तो उत्तम पिकवला.

५/
इतिहासप्रेमींसाठी एक टिपण. पीमांकडे लिपी नव्हती, पण ‘काठीवरील बखर’ होती. एखादा जाणता पुरुष सरळ काठीवर दरवर्षीची खूण कोरी आणि त्या खुणेवर बोट ठेवून त्या वर्षाची हकीकत सांगे. मानवशास्त्रज्ञ फ्रँक रसेल यांनी १९०१-०२ मध्ये पीमांमध्ये राहून अशा काठ्यांवरील हकीकती लिहून घेतल्या. त्या १९०८ मध्ये छापल्या गेल्या. त्यांची सुरुवात १८३३ च्या उल्कावर्षावाने होते, ती रात्र ‘तारे पडले’ म्हणून स्मरणात राहिली होती.

६/
१८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्याची धाव सुरू झाली. दक्षिणेकडील मार्गाने जाणारे हजारो प्रवासी वाळवंटात उपाशीतापाशी पीमांच्या गावी पोहोचत. तेथे त्यांना धान्य, पाणी आणि संरक्षण मिळे. पुढे अमेरिकी सैन्यालाही पीमांनी मोठ्या प्रमाणावर गहू विकला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे लोक दुष्काळग्रस्त नव्हते; ते भोवतालच्या मुलखाचे अन्नदाते होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिची गरज पडेल.

७/
अमेरिकी यादवी युद्धानंतर गोऱ्या वसाहतकऱ्यांनी नदीच्या वरच्या अंगाला शेती मांडली आणि कालवे काढून पाणी वळवले. १८७० च्या दशकापासून पीमांच्या शेतांत पाणी कमी कमी होत गेले. शतक संपेपर्यंत त्यांचे कालवे बहुतांशी कोरडे पडले. पिके करपली, लोक उपाशी राहिले. शेतकरी असलेली माणसे मेस्किटची झाडे तोडून सरपण विकू लागली. हा दुष्काळ आभाळातून आला नव्हता.

८/
शेती गेल्यावर सरकारी शिधा आला. त्यात मैदा, साखर आणि डुकराची चरबी. याच साहित्यातून तळलेली जाड पुरी घडली, जी आज अनेक मूलनिवासी समाजांची ‘पारंपरिक’ भाकरी समजली जाते. परंपरा कधी कधी शिध्याच्या पोत्यातूनही जन्म घेते. १९३० मध्ये वरच्या बाजूला कूलिज धरणाचे लोकार्पण झाले. ते पीमांचे पाणी परत मिळवून देण्याच्या नावाने बांधले होते, पण आश्वासनाइतके पाणी कधीच आले नाही.

९/
या काळात आजाराची स्थिती काय होती? विसाव्या शतकाच्या आरंभी आलेश ह्रडलिच्का या मानवशास्त्रज्ञाने या भागातील आदिवासींच्या आरोग्याची पाहणी केली. त्याच्या नोंदीत पीमांमध्ये मधुमेहाचा केवळ एक रुग्ण आहे. पुढे १९३७ मध्ये मधुमेहाचे ख्यातनाम वैद्य एलियट जॉस्लिन यांनी ॲरिझोनात शोध घेतला. त्यांना पीमांमध्ये २१ रुग्ण आढळले. हे प्रमाण देशातील इतर लोकांसारखेच होते. त्या काळी तपासण्या मर्यादित होत्या हे मान्य केले, तरी दिशा स्पष्ट आहे.

१०/
मग दुसरे महायुद्ध आले. इवो जिमा बेटावर १९४५ मध्ये ध्वज उभारणाऱ्या सहा सैनिकांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातील सर्वांत डावीकडचा आयरा हेज हा पीमा होता. युद्धानंतर शेतीपासून तुटलेला हा समाज मजुरी, मोटार आणि दुकानातील डबाबंद अन्न यांच्या जगात वेगाने ओढला गेला. काठीवर वर्षे कोरणाऱ्यांच्या नातवंडांचे जीवन दोन पिढ्यांत ओळखू येणार नाही इतके पालटले.

११/
या पार्श्वभूमीवर १९६३ ची ती पाहणी झाली. १९६५ पासून पीटर बेनेट आणि सहकाऱ्यांनी हीला नदीच्या राखीव प्रदेशात दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. पाच वर्षांवरील प्रत्येकाची दर दोन वर्षांनी तपासणी, आणि तीही दशकानुदशके. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष हादरवणारा होता. पस्तिशी ओलांडलेल्या पीमांपैकी सुमारे निम्म्यांना मधुमेह होता.

१२/
आपलाही या अभ्यासाशी संबंध आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी रक्तातील साखर २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली, तर मधुमेह समजतात. जगभर मान्य झालेली ही मर्यादा ठरवताना पीमांच्या रक्ताच्या नोंदींचा मोठा आधार घेतला गेला. आपल्या हातातील तपासणी अहवालावर या अनामिक माणसांचे ऋण आहे.

१३/
येथे हृदयाचा प्रश्न येतो. वर्षानुवर्षे चढी राहिलेली साखर रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवते. जोडीला रक्तदाब आणि रक्तातील मेदाची बिघडलेली घडी आली की धमन्या अरुंद होतात. १९८८ मध्ये ‘स्ट्राँग हार्ट स्टडी’ हा मूलनिवासींच्या हृदयविकाराचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ॲरिझोनातील पीमाही होते. हृदयविकार झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना मधुमेह असल्याचे त्यात दिसले. साखर आणि हृदय ही एकाच गोष्टीची दोन प्रकरणे आहेत.

१४/
असे का व्हावे? याचे एक आकर्षक उत्तर १९६२ मध्येच मांडले गेले होते. जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुकरचने’ची कल्पना मांडली. आदिम काळात कधी सुकाळ, कधी उपासमार. सुकाळात झटपट चरबी साठवणारे शरीर उपासमारीत तगे. निसर्गाने अशाच शरीरांची निवड केली. आता अन्नाचा तुटवडा संपला, आणि काल वाचवणारी काटकसर आज घात करू लागली. नील यांनी हे पीमांना समोर ठेवून लिहिले नव्हते. पण पुढे पीमा हेच या कल्पनेचे पाठ्यपुस्तकातील उदाहरण बनले.

१५/
कल्पना डौलदार होती, पण इतिहासाचा विद्यार्थी येथे दोन प्रश्न विचारील. पहिला: हजार वर्षे कालव्यांवर शेती करणारा, इतरांना धान्य विकणारा समाज ‘सततच्या उपासमारीतून घडलेला’ कसा? दुसरा: ज्या उपासमारीचा लेखी पुरावा आहे ती १८७० नंतरची. दोन-तीन पिढ्यांत एखाद्या समाजाची जनुके पालटत नाहीत. १९०० चे पीमा आणि १९७० चे पीमा यांचे रक्त तेच होते. मग मधल्या काळात जे बदलले, त्याकडे बोट का दाखवायचे नाही?

१६/
या प्रश्नात केवळ शास्त्र नव्हते, जबाबदारीही होती. दोष रक्तात असेल, तर पाणी वळवणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. शिध्यात काय दिले याची चौकशी होत नाही. आणि रोग्यालाही वाटू लागते की हे आपल्या नशिबीच आहे. नील यांचा तसा हेतू नव्हता. त्यांनी स्वतः आपल्या मांडणीची पुढे फेरतपासणीही केली. परंतु सोयीचे सिद्धांत त्यांच्या कर्त्याच्या हातात राहत नाहीत.

१७/
मग कस लावायचा कसा? सुदैवाने इतिहासानेच एक तुलना मांडून ठेवली होती. सीमेपलीकडे, मेक्सिकोतील सोनोरा राज्याच्या डोंगरांत मायकोबा नावाचे गाव आहे. तेथेही पीमा राहतात. ॲरिझोनातील पीमांशी त्यांचे भाषेचे नाते जवळचे, आणि तपासणीत जनुकीय जवळीकही दिसली. फरक राहणीचा. मायकोबाचे पीमा डोंगरउतारावर कष्टाची शेती करीत. जेवणात घेवडा, मक्याच्या पातळ भाकऱ्या आणि बटाटे. शरीराला रोजचे अवजड काम.

१८/
१९९५ च्या पाहणीवर आधारलेले, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे:
अमेरिकेतील पीमा: मधुमेह ३८ टक्के.
मेक्सिकोतील पीमा: ६.९ टक्के.
त्याच मेक्सिकन गावातील पीमा नसलेले लोक: २.६ टक्के.
वय आणि लिंग यांचा फरक जमेस धरून काढलेले हे प्रमाण आहे. एकाच वंशवेलीच्या दोन फांद्या, आणि मधुमेहात पाचपटीहून अधिक अंतर.

१९/
तर मग जनुकांना काहीच अर्थ नाही का? असे म्हणणेही चुकीचे ठरेल. ॲरिझोनातच, एकाच प्रकारचे अन्न खाणाऱ्या कुटुंबांत, ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह होता त्यांना तो होण्याची शक्यता इतरांहून बरीच अधिक दिसली. म्हणजे एकाच परिस्थितीत कोण आधी आजारी पडेल, यात वारशाचा हात असतो. पण एकूण किती लोक आजारी पडतील, हे मायकोबा आणि हीला यांतील अंतराने ठरवले. बीज आणि जमीन यांपैकी पीक कोणाचे, असे विचारण्यासारखेच हे आहे.

२०/
याच अभ्यासातून एक तिसरा धागा निघाला. संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. काही मुले आईला मधुमेह होण्यापूर्वी जन्मली, काही नंतर. आईबाप तेच, घर तेच. तरीही आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांना तो होण्याचा धोका कितीतरी अधिक निघाला. वडिलांच्या मधुमेहाबाबत असा फरक दिसला नाही. म्हणजे गर्भाशयातील नऊ महिने हीसुद्धा एक ‘परिस्थिती’ आहे. घराण्यातून उतरणारी प्रत्येक गोष्ट जनुकांतूनच उतरते असे नाही.

२१/
नेमक्या याच धाग्यावर महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे काम उभे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. येथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण कातडीखालच्या चरबीत एवढी तूट नव्हती. कमी होते ते स्नायू आणि इंद्रियांचे वजन. बाळे दिसायला बारीक, पण प्रमाणाने चरबी अधिक.

२२/
याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘मी तर सडपातळ आहे, मला कशाला मधुमेह होईल?’ या आपल्याकडील नेहमीच्या समजुतीला दिलेले हे उत्तर होते.

२३/
समाजमाध्यमांवर एक विधान वारंवार फिरते: ‘ब्रिटिशकाळातील दुष्काळांनी भारतीयांची जनुके बदलली, म्हणून आपल्याला मधुमेह होतो.’ १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ भयंकर होता, यात शंका नाही. पण त्याने आपली जनुके बदलली, हे सिद्ध झालेले नाही. पीमांच्या बाबतीत जी घाई झाली, तीच येथे नको. मातेचे पोषण, बालपण, कष्ट आणि आहार यांचे पुरावे समोर असताना सर्व भार पूर्वजांच्या रक्तावर टाकणे सोपे असते, एवढेच.

२४/
‘काटकसरी जनुका’चा शोध मात्र चालू राहिला. २००६ मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी ‘टीसीएफ७एल२’ या जनुकाचा टाइप २ मधुमेहाशी संबंध दाखवला. युरोपीय वंशाच्या लोकांत याचा प्रभाव ठळक, पण पीमांमध्ये त्याची भूमिका मोठी आढळली नाही. २०१६ मध्ये सामोआ बेटांवरील लोकांत वजन वाढवणारा एक जनुकीय भेद सापडला. गंमत अशी की, त्याच्यामुळे मधुमेहाचा धोका उलट कमी होतो! सारा दोष एकट्यावर टाकता येईल असे जनुक सापडलेच नाही.

२५/
आणि उपाय? २००२ मध्ये अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ जण त्यात होते. नैऋत्येकडील आदिवासी समाजही सहभागी होता. थोडे वजन उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम, एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. पुढील तपासणीत दिसले की, ‘टीसीएफ७एल२’चा धोकादायक भेद असलेल्यांचा वाढीव धोका राहणी सुधारलेल्या गटात जवळपास पुसला गेला होता.

२६/
हृदयाबाबतही असेच आढळले. २०१६ मध्ये ५५,६८५ लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा जनुकीय धोका सर्वाधिक, त्यांच्यात हृदयधमनीविकाराचा संभव कमी धोका असलेल्यांपेक्षा सुमारे ९१ टक्क्यांनी अधिक होता. पण त्याच गटातील ज्यांनी धूम्रपान, स्थूलता, बैठेपणा आणि चुकीचा आहार यांपैकी बहुतेक गोष्टी टाळल्या होत्या, त्यांचा धोका तसे न करणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी निघाला. वारसा खरा, पण तो अंतिम निकाल नव्हे.

२७/
आता पुन्हा नदीकडे. पाण्यासाठीची पीमांची लढाई शतकाहून अधिक काळ चालली. अखेर २००४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून हीला नदीच्या समाजाला दरवर्षी ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क दिला. आपल्या मापात हे सुमारे साडेअठ्ठावीस टीएमसी होते, म्हणजे पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चारही धरणांच्या एकत्रित साठ्याच्या जवळपास. त्यातील बराच भाग कोलोरॅडो नदीतून कालव्याने येतो. तेथे आता पुन्हा शेती होते, टेपरीही पिकते.

२८/
पाणी परतले म्हणून गेलेल्या पिढ्यांचे पाय, डोळे, मूत्रपिंडे आणि हृदये परत येत नाहीत. आजार अजूनही तेथे आहे. पण या इतिहासाने ‘जीवनशैली’ या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी दिली आहे. हा शब्द उच्चारताना आपण गृहीत धरतो की, माणूस आपली राहणी स्वतः निवडतो. पीमांनी मैदा आणि चरबी निवडली नव्हती. त्यांच्या ताटातून टेपरी जाण्याआधी त्यांच्या कालव्यातून पाणी गेले होते.

२९/
आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येते: ‘आमच्या घराण्यातच आहे साखर.’ ते खोटे नाही, पण अपुरे आहे. घराण्यातून जनुके येतात, तसेच गरोदरपणातील पोषण, चुलीवरची रीत, कामाची सवय आणि बसण्याची जागाही येते. यांतील पहिली गोष्ट आपल्या हाती नाही. बाकीच्या काही अंशी आपल्या हाती आहेत, आणि काही अंशी गावाच्या, शहराच्या, सरकारच्या हाती. म्हणून पुढच्या वेळी कोणी आजाराचे मूळ रक्तात शोधू लागला, तर त्याला एवढेच विचारावे: आणि नदीचे काय झाले?

३०/
थ्रेड दीर्घ झाला. तुमच्या आजी-आजोबांच्या ताटात असलेले आणि तुमच्या ताटातून नाहीसे झालेले एखादे धान्य किंवा रानभाजी आठवते का? ते कधी आणि कशामुळे गेले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली जरूर लिहा. काठीवरच्या खुणांप्रमाणे अशा आठवणीही उद्याच्या इतिहासाची साधने असतात.